शेकडा तीन की वर्षाला बारा? अर्थकारण सांगताना नेमकं कुठं अडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही निवृत्त शिक्षक आहात. गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा अर्थविषयक बातम्या सोप्या करून सांगायचा उपक्रम तुम्ही सुरू केलात. पहिल्या वेळी चाळीस माणसं आली, तिसऱ्या वेळी नऊ. तयारी भरपूर करता, तक्ते नेता, तरी महागाई दर, रेपो दर, जीडीपी हे शब्द आले की चेहरे कोरे होतात. लोकांना रसच नसतो, की आपलं काही चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

रस असतो, खात्रीनं सांगते. बँकेतल्या नोकरीत आणि नंतर बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, कामगारांच्या सभा अशा ठिकाणी मी बावीस वर्षं हेच काम करत आलेय. पैशाबद्दल ज्याला काहीच विचारायचं नाही, असा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण माझ्याही सुरुवातीच्या सभा तुमच्यासारख्याच गेल्या. एकदा बचत गटातल्या बायकांपुढे मी पाऊण तास बँकेच्या कर्जाचे फायदे सांगितले. व्याज फक्त १२ टक्के, हे तर चार वेळा सांगितलं. शेवटी मागं बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, सावकार तीन टक्क्यानं देतो. मग तुमची बँक एवढी महाग कशी?"

ती चुकली नव्हती. तिच्या जगात व्याज महिन्याचं असतं. शेकडा तीन म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये, वर्षाचे छत्तीस. बँकेच्या जगात तेच व्याज वर्षाचं असतं. "टक्का" हा एकच शब्द आम्ही दोघी दोन अर्थांनी वापरत होतो आणि पाऊण तासात मला ते कळलंही नव्हतं. तिला गणित उत्तम येत होतं, तिच्यापर्यंत पोचणारी एक पायरी मी गाळली होती. तेव्हापासून कुठल्याही सभेची तयारी करताना मी एकच गोष्ट शोधते. बातमीतल्या आकड्यापासून ऐकणाऱ्याच्या खिशापर्यंतच्या जिन्यात कुठली पायरी गायब आहे? ती सापडली की सोपं करायची वेगळी खटपट करावी लागत नाही. सापडली नाही तर कितीही रंगीत तक्ते न्या, उपयोग होत नाही.

महागाईच्या बातमीपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथं होतात आणि सगळ्यात जास्त रागही तिथंच असतो. "महागाई दर घटला" असं बातमीत येतं. घरात खर्च वाढलेलाच असतो. माणूस एकच निष्कर्ष काढतो, की सरकार खोटं बोलतंय. इथली गायब पायरी म्हणजे भाव आणि भाव वाढण्याचा वेग यांतला फरक. मी शाळकरी मुलाचं उदाहरण देते. पोरगा गेल्या वर्षी तीन इंच वाढला, यंदा एकच इंच. वाढ कमी झाली, हे खरं. पण म्हणून गेल्या वर्षीची पँट त्याला यंदा होईल का? बायका लगेच हसतात आणि पुढचं स्वतःच सांगतात, "म्हणजे भाव वरच राहिलेत, फक्त चढायचा वेग कमी झालाय."

मग खरे आकडे ठेवायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ महागाई दर ६.२१ टक्के होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो ०.२५ टक्क्यावर आला, २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या, म्हणजे २०१२ च्या भावांशी तुलना करून मोजलेल्या मालिकेतला सगळ्यात कमी. आता फळ्यावर लिहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये जे सामान १०० रुपयांना येत होतं, ते वर्षानं १०६ रुपये २१ पैशांना झालं आणि आणखी वर्षानं सुमारे १०६ रुपये ४८ पैशांना. दर जवळपास शून्य झाला तरी ते साडेसहा रुपये परत आलेले नाहीत. बातमीही खरी आणि घरातला अनुभवही खरा. दोन्ही एकाच फळ्यावर दिसले की माणसाला आपण वेडे ठरवले गेलो नाही, असं वाटतं. लोक पुन्हा सभेला यावेत असं वाटत असेल, तर हे फार महत्त्वाचं आहे.

एवढ्यावर थांबू नका. पुढचा प्रश्न येतोच, "पण आमचा खर्च तर साडेसहापेक्षा किती तरी जास्त वाढला." यासाठी मी चिंचोके नेते. प्रत्येकीला शंभर चिंचोके द्यायचे आणि महिन्याच्या खर्चाप्रमाणे त्यांचे ढीग करायला सांगायचं. खाणंपिणं, घरभाडं, वीज आणि गॅस, कपडे, औषधपाणी, प्रवास आणि फोन, शाळा. दहा मिनिटं जातात, पण त्या दहा मिनिटांत मी बोलत नाही आणि सभेत सगळ्यात जास्त शिकणं तेव्हाच होतं. मग सरकारी ढीग फळ्यावर मांडायचे. २०१२ च्या मालिकेत शंभरापैकी ४५.८६ भार, म्हणजे खर्चातला वाटा, खाद्यपदार्थ आणि पेयांचा होता, घराचा १०.०७, इंधन आणि वीज ६.८४, आरोग्य ५.८९, शिक्षण फक्त ४.४६. ज्या घरात दोन मुलं खासगी शाळेत आहेत, तिथं शिक्षणाच्या ढिगात पंधरा-वीस चिंचोके असतात. फी वाढली की त्या घराची महागाई सरकारी आकड्यापेक्षा कितीतरी जास्त असणार. ज्या वृद्ध जोडप्याचा निम्मा पैसा औषधांत जातो, त्यांची महागाई आणखी वेगळी. सरकारी आकडा देशातल्या सगळ्या घरांची सरासरी सांगतो आणि सरासरीएवढं एकही घर नसतं. हे भार काही वर्षांनी बदलतात, खर्चाची नवी पाहणी झाली की नवी मालिका येते. सभेच्या वेळी चालू असलेले भार सांख्यिकी मंत्रालयाच्या पत्रकातून उतरवून घ्या. जुने भार घेऊन बसू नका, एखादा जाणकार हमखास पकडतो आणि पकडायलाच हवं.

रेपो दराबद्दल लोक म्हणतात, "ते बँकांचं काहीतरी असतं." व्याख्या वाचून दाखवू नका. गावात दागिने गहाण ठेवून कर्ज घेणं सगळ्यांना माहीत आहे. नड पडली की आपण सोनं बँकेत ठेवतो आणि पैसे आणतो. बँकेला नड पडली की ती सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेकडे ठेवते आणि थोड्या दिवसांसाठी पैसे आणते. त्यावरचं व्याज म्हणजे रेपो दर. तो ठरवायला सहा जणांची समिती आहे. तीन सदस्य रिझर्व्ह बँकेचे, तीन सरकारनं नेमलेले. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, २ ते ६ च्या पट्ट्यात ठेवणं हे तिचं काम. बातमीत "२५ बेसिस पॉइंट" म्हणतात, तेव्हा सरळ "पाव टक्का" म्हणा. इतका छान शब्द आपल्याकडे असताना लोकांना पॉइंट मोजायला का लावायचे?

यानंतर हप्ता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, म्हणजे अडीच टक्के वर. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी, बदलत्या व्याजदराची गृहकर्जं बाहेरच्या, म्हणजे बँकेनं स्वतः न ठरवलेल्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली आहेत. त्यामुळे ही वाढ थेट कर्जदारापर्यंत आली. फळ्यावर मी हे गणित मांडते. २० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ७ टक्के व्याज, हप्ता साधारण १५,५०० रुपये. व्याज ९.५ टक्के झालं की हप्ता १८,६४० च्या घरात. महिन्याला तीन हजारांहून जास्त फरक.

"पण आमचा हप्ता तर तेवढाच राहिला," असं कुणीतरी म्हणतंच. इथं आवाज खाली आणून सावकाश सांगा, कारण हे खरोखर कामाचं आहे. ९.५ टक्क्यांनी २० लाखांचं पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच १५,८३३ रुपये होतं. हप्ता १५,५०० च ठेवला तर मुद्दल एक रुपयानंही फिटत नाही, उलट वाढतं. अनेक बँकांनी हप्ता न वाढवता मुदत लांबवली आणि लोकांना कळलंच नाही की आपलं कर्ज निवृत्तीनंतरही चालणार आहे. म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं, की व्याज बदलताना कर्जदाराला स्पष्ट कळवा आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे त्याला निवडू द्या. हे सांगितल्यावर एका सभेत एक रिक्षाचालक उठून बाहेर गेला. मला वाटलं कंटाळला. तो घरून कर्जाचं पत्र घेऊन आला, सभेत बसूनच वाचलं आणि शिल्लक मुदत बोटांवर मोजली.

त्याच खोलीत मुदत ठेवीच्या व्याजावर जगणारे आजोबा बसलेले असतात, हेही विसरू नका. दर वाढले तेव्हा रिक्षावाल्याचं कंबरडं मोडलं आणि आजोबांना दोन पैसे जास्त मिळाले. २०२५ मध्ये दर ६.५ वरून टप्प्याटप्प्यानं ५.२५ पर्यंत खाली आले, तेव्हा उलट झालं. तुम्ही "दर कपात, दिलासा" असं म्हणालात की निम्मी खोली तुमच्यापासून तुटली. दिलासा कुणाला, ते प्रत्येक वेळी सांगा.

कांदा याहून अवघड. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क राहिलं. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ पासून. शहरातल्या घराला यातून स्वस्त कांदा मिळाला आणि कांदाचाळीत माल साठवलेल्या शेतकऱ्याचा भाव पडला. हा पैसा आकाशातून आला नाही, एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेला. निर्णय बरोबर की चूक, यावर माझं मत ठाम आहे. किंमत शेतकऱ्यानंच सोसायची, हे मला मान्य नाही. पण सभेत मी आधी दोन्ही खिसे दाखवते आणि मत विचारलं तरच, मत म्हणून, वेगळं सांगते. हिशेब आणि मत एकाच वाक्यात आले, की समोरचा आधी माझा पक्ष ओळखायच्या मागे लागतो आणि हिशेब बाजूला राहतो.

जीडीपीवर फार वेळ घालवू नका. देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांची एकूण किंमत, एवढं पुरे. वेळ द्या तो वाढीच्या दराला, कारण फसगत तिथं होते. एप्रिल ते जून २०२१ मध्ये अर्थव्यवस्था २०.१ टक्के वाढल्याचं जाहीर झालं. मथळे मोठे होते. पण आदल्या वर्षी त्याच तीन महिन्यांत, टाळेबंदीत, ती २४.४ टक्के आकसली होती. शंभर शेळ्यांचा कळप घ्या. साथीत चोवीस मेल्या, उरल्या शहात्तर. पुढच्या वर्षी कळप वीस टक्के वाढला, म्हणजे पंधरा करडं. झाल्या एक्याण्णव. मालक "वीस टक्के वाढ" म्हणून पेढे वाटेल का? त्या वेळच्या सरकारी आकड्यांतही हेच होतं. ३५.६६ लाख कोटींवरून २६.९५ वर घसरण आणि मग ३२.३८ लाख कोटी. कुठलाही वाढीचा आकडा आला की विचारायचं, कशापेक्षा वाढ? हा एक प्रश्न लोकांच्या तोंडी बसला, तरी माझ्या मते वर्षभराच्या सभांचं सार्थक झालं.

लाख कोटी हा शब्द ऐकून माणसाचं डोकं थांबतं, तसं ते तुमचं-माझंही थांबतं. उपाय जुना आहे. दादाभाई नौरोजींनी दीडशे वर्षांपूर्वी तोच वापरला. देशाच्या एकूण उत्पन्नाला लोकसंख्येनं भागून १८६७-६८ साठी माणशी वर्षाला २० रुपये असा अंदाज त्यांनी मांडला आणि तो तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर होणाऱ्या खर्चाशेजारी ठेवला. दोन आकडे शेजारी आले आणि साम्राज्याची समृद्धी उघडी पडली. तुम्हीही भागा. २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटी रुपयांचा होता. १४० कोटी माणसं धरली तर माणशी वर्षाला सुमारे ३६,००० रुपये, म्हणजे दिवसाला जवळजवळ शंभर. राज्यांचा करातला वाटा यात धरलेला नाही. त्या शंभरातले एकतीस कर्जाऊ आणलेले, पंचवीस आधीच्या कर्जाच्या व्याजात जाणारे. संरक्षणाला, निवृत्तिवेतन धरून, तेरा. पाच मिनिटांत अर्थसंकल्प उभा राहतो आणि लोक वाद घालू लागतात. वाद सुरू झाला की खुशाल समजा, समजलं.

इथं एक सावधगिरी मात्र हवी आणि ती न बाळगल्याचा मला पश्चात्ताप आहे. "देशाचं बजेट म्हणजे घराचं बजेट" हे उदाहरण मी कितीतरी वर्षं दिलं. सुरुवातीला ते उपयोगी पडतं, पण थोडं पुढं गेलं की चुकीचं शिकवतं. माणसाला निवृत्त व्हायचं असतं, सरकारला नसतं. घर स्वतःच्या उत्पन्नाचा आकडा कायदा करून वाढवू शकत नाही, सरकार कर लावू शकतं. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे एकाचा खर्च हे दुसऱ्याचं उत्पन्न असतं. एका घरानं काटकसर केली तर त्या घरात शिल्लक पडते. सगळ्या गावानं एकदम केली तर शिंपी, न्हावी, चहावाला यांची कमाई आटते आणि गाव मिळून गरीब होतं. २०२०-२१ मध्ये लोकांचे खर्च थांबले, करवसुली घटली आणि केंद्राची तूट जीडीपीच्या ९.२ टक्क्यांवर गेली. घराच्या चष्म्यातून ती नुसती उधळपट्टी दिसते. तेव्हा सरकारनंही हात आखडला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न त्या चष्म्यातून दिसतच नाही.

उलट बाजूही आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ साली अर्थसंकल्पावर बोलताना शिलकीवरच बोट ठेवलं होतं. दुष्काळानं लोक खंगलेले असताना सरकारी तिजोरीत शिल्लक पडतेय, म्हणजे कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातोय, असं सांगून त्यांनी मिठावरचा कर कमी करायची मागणी केली. तूट म्हणजे वाईट आणि शिल्लक म्हणजे चांगली, एवढं सरळ ते नाही. उदाहरण कुठपर्यंत चालतं आणि कुठं सोडायचं, ते उदाहरण देतानाच सांगा. लोकांना ते जड जात नाही.

अफवांची तयारी ठेवा. एखादी बँक अडचणीत आल्याचा निरोप फोनवर फिरला, की सभेत दुसरा विषय चालत नाही. तेव्हा एवढं पक्कं सांगता यायला हवं. एका बँकेत एका ठेवीदाराच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी मिळून, व्याजासकट, ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी १ लाख होती. नागरी सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थांना नाही. हे शेवटचं वाक्य दोनदा म्हणा, कारण आपल्याकडे "बँक" आणि "पतसंस्था" बोलताना एकच होतात. "सोनं घेऊ का", "शेअर चढेल का" याला मात्र मी उत्तर देत नाही. "उद्याचा भाव मला माहीत नाही, कुणालाच नसतो," असं म्हणते. सुरुवातीला लोक नाराज होतात. नंतर जे माहीत आहे ते सांगते, तेव्हा विश्वास ठेवतात.

अवघड शब्द पूर्ण टाळू नका. आधी गोष्ट सांगा, मग "यालाच टीव्हीवर वित्तीय तूट म्हणतात" असं नाव द्या, म्हणजे घरी बातम्या लागल्यावर ओळख पटते. आणि "समजलं का?" असं कधी विचारू नका, सगळे मान डोलावतात. "घरी जाऊन सासूबाईंना कसं सांगाल?" असं विचारा. सांगणारी जिथं अडखळेल, तिथं पायरी गायब आहे. पुढच्या महिन्याची तयारी तिथूनच.

आता तुमच्या पुढच्या सभेपुरतं. किरकोळ महागाईचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेला येतो, सुटी असेल तर एखादा दिवस पुढंमागं. सभा त्यानंतरच्या रविवारी ठेवा. तक्ते घरीच राहू द्या. खडू, फळा आणि दोन किलो चिंचोके न्या. जे नऊ जण अजून येतायत, त्यांना गोल बसवा आणि प्रत्येकापुढं शंभर मोजून ठेवा.